जुना पास जमा केल्याशिवाय

गेटापाशी पोचले की कॅप्टन आधी वाकायचे. कुंपणाच्या कडेच्या वाळक्या गवताच्या दोन काड्या चिमटीत धरायचे, हात छातीएवढा उंच न्यायचे आणि सोडून द्यायचे. काड्या कुठे पडतात ते बघायचे. धावपट्टीजवळच्या खांबावर वारा दाखवणारी नारिंगी पिशवी फडफडत असायची आणि ती गेटातूनही दिसायची, पण कॅप्टनांचा विश्वास गवतावर. मग हात झटकून ते माझ्या खिडकीशी यायचे आणि विचारायचे, "पासवाले, आज मी कोण?"

"कार्ड दाखवा, म्हणजे सांगतो," मी म्हणायचो.

हा आमचा रोजचा विनोद होता. पुढे तो विनोद राहिला नाही. त्यात माझा जो हात होता, तो सांगायलाच मी हे लिहायला बसलो आहे.

नाशिकबाहेरच्या एका लहानशा विमानतळावर मी पास विभागात कारकून होतो. विभाग म्हणजे गेटाला लागून एक खोली, एक खिडकी, दोन कपाटं आणि मी. कॅप्टन तिथल्या वैमानिक-प्रशिक्षण क्लबात शिकवायचे. क्लबाकडे दोन जागांचं एक जुनं विमान होतं, पांढऱ्या रंगावर निळा पट्टा असलेलं. कॅप्टन त्याला 'म्हातारी' म्हणायचे. वीस वर्षं त्यांनी म्हातारीत आपल्या शेजारच्या जागेवर बसवून पोरांना उडायला शिकवलं. ती पोरं आता मोठमोठी विमानं घेऊन समुद्र ओलांडतात. कॅप्टन मात्र गंगापूर रोडवरून स्कूटरने यायचे.

त्या स्कूटरचीही तपासणी व्हायची. विमान उडवण्याआधी वैमानिक त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतो, पंखावर हात फिरवतो, टायर बघतो, टाकीत काडी बुडवून पेट्रोल मोजतो. कॅप्टन संध्याकाळी घरी निघताना स्कूटरभोवती तशीच फेरी मारायचे. एकदा माझ्या स्कूटरभोवती मारली आणि म्हणाले, "पासवाले, मागच्या चाकाला टक्कल पडलंय. तुम्ही उद्यापासून सिटी बसने या. तुम्ही पडलात तर माझा पास कोण करील?" दुसऱ्या दिवशी स्वतः टायरवाल्याकडे घेऊन गेले.

नव्वदच्या दशकात गेटावर एक वही असायची. सही केली की आत. पुढे विमानं पळवल्याच्या बातम्या आल्या आणि आमच्याकडेही नियमांचे गठ्ठे यायला लागले. फोटोचं कार्ड आलं. कार्डावर रंग आले. प्रत्येक रंगाला वेगळी हद्द. कॅप्टनांच्या कार्डाला हँगरची हद्द मिळाली, म्हणजे विमान ठेवण्याच्या शेडची. शेडसमोरच्या मोकळ्या फरशीवर, जिथून विमान निघतं, तिथे पायी जायला दुसऱ्या रंगाचं कार्ड लागायचं, आणि ते क्लबाच्या माणसांना मिळत नव्हतं.

"म्हणजे विमानात बसून गेलो तर चालेल," कॅप्टन हिशेब करत म्हणाले, "आणि उतरून चार पावलं टाकली तर गुन्हा?"

"नियमाप्रमाणे तसंच होतं, साहेब."

एकदा वाऱ्याने त्यांची टोपी उडाली आणि त्या फरशीवर जाऊन पडली. शेडच्या दारात आमचा गार्ड निवृत्ती उभा होता, सायखेड्याचा. कॅप्टनांनी त्याच्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, आत गेले आणि म्हातारी सुरू केली. विमान गुरगुरत टोपीपर्यंत गेलं. उतरता येईना म्हणून ते दार उघडून ओणवे झाले, तरी हात पुरेना. शेवटी निवृत्तीनेच टोपी उचलून वर दिली आणि सलाम ठोकला. विमान वळून परत शेडमध्ये. आम्ही सगळे पोट धरून हसलो. कॅप्टन हसले नाहीत. मला म्हणाले, "तुमच्या वहीत लिहा, टोपी विनापास बाहेर गेली होती."

त्यांच्या खिशात नेहमी एक बोटभर स्क्रू ड्रायव्हर असायचा. नव्या नियमात तोही गेटावर जमा करावा लागे. ते निमूटपणे द्यायचे, पण एकदा खिडकीशी थांबून शांतपणे म्हणाले, "पासवाले, मला विमान पळवायचं असेल तर स्क्रू ड्रायव्हर कशाला लागेल? दांडा माझ्याच हातात असतो की." मी पावती फाडून दिली.

आता त्या नियमाकडे येतो, ज्याने सगळं घडलं. पास दर वर्षी नवा करायचा, आणि जुना जमा केल्याशिवाय नवा करायला घ्यायचा नाही. मधे पोलिसांकडून पडताळणीचा अहवाल यायचा, त्याला कधी पंधरा दिवस, कधी दीड महिना. तेवढे दिवस माणूस बिनपासाचा. त्याला एका दिवसाचा तात्पुरता पास द्यायचा आणि सोबत एक गार्ड. गार्डने त्याची पाठ क्षणभरही सोडायची नाही, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

पहिल्या वर्षी कॅप्टनांच्या सोबतीला निवृत्ती दिला. कॅप्टन म्हातारीत चढले. निवृत्ती खाली उभा.

"चला, बसा," कॅप्टन म्हणाले.

"म्या?"

"क्षणभरही पाठ सोडायची नाही. नियम आहे."

"सायेब, नोकरी जाईल माझी. आन् वरून पडलो तं जीव बी जाईल."

"नोकरीचं पासवाल्यांना विचारा. जिवाचं मी बघतो."

निवृत्तीने लांबून माझ्या खिडकीकडे बघितलं. मी हसत होतो. माझ्या हसण्याचा अर्थ त्याने परवानगी असा घेतला आणि तो चढला. कॅप्टन त्याला गोदावरीच्या वळणावरून सायखेड्यावर घेऊन गेले. परत आला तेव्हा निवृत्तीचे डोळे भरलेले होते. "माझं घर केवढुसं दिसलं हो," तो जो भेटेल त्याला सांगत सुटला. "पत्र्यावर टाकलेला लाल भोपळा दिसला. माय अंगणात उभी व्हती, तिला काय ठाव वर कोण हाय!"

ही गोष्ट विमानतळाच्या मोठ्या साहेबांपर्यंत पोचायला दोन दिवस लागले. निवृत्तीला ताकीद मिळाली. मला लेखी मेमो मिळाला. इतक्या वर्षांच्या नोकरीतला पहिला कागद, ज्यात माझ्या नावापुढे 'निष्काळजीपणा' हा शब्द होता. बढतीची यादी त्याच वर्षी लागायची होती. त्यात माझं नाव आलं नाही.

कॅप्टन माझ्याकडे आले. "चूक माझी होती. मी तसं लिहून देतो," म्हणाले. त्यांनी दिलंही. त्याचा काही उपयोग झाला नाही. मी वरवर "जाऊ द्या साहेब" म्हटलं, पण आतून मी ते जाऊ दिलं नाही. इंदिरानगरच्या घरी रोज जेवताना मला तो शब्द आठवायचा. ज्यांच्यासाठी मी हसलो होतो, त्यांच्यावरच मी राग धरून बसलो.

पुढच्या वर्षी पासाची मुदत संपली तेव्हा मी कॅप्टनांचा जुना पास जमा करून घेतला आणि कळवलं की मागच्या प्रकारामुळे या वेळी तात्पुरता पास मिळणार नाही. ते खरंच होतं, साहेबांचा तसा आदेश होता. आदेश वाचून दाखवताना मला बरं वाटलं, हेही खरं.

त्याच सुमारास क्लब बंद व्हायचं ठरलं आणि म्हातारी गुजरातेतल्या एका संस्थेला विकली गेली. कॅप्टन खिडकीशी आले. त्या दिवशी त्यांनी 'मी कोण' विचारलं नाही.

"पासवाले, गुरुवारी म्हातारीला पोचवायचं आहे. महिनाअखेरीला माझं लायसन्सही संपतंय. डोळ्यांच्या डॉक्टरने पुढे सही करणार नाही म्हणून सांगितलंय. म्हणजे ही शेवटचीच फेरी. तेवढं बघा."

"पोलिसांचा अहवाल आला की लगेच करतो," मी म्हणालो.

अहवाल सोमवारी आला.

निवृत्तीने गेटावरच्या आवक वहीत नोंद करून लिफाफा माझ्या हातात दिला. मी उघडला. सगळं ठीक होतं. कार्ड तयारच होतं, फोटो चिकटवलेला होता. साहेबांची एक सही आणि एक शिक्का, पाच मिनिटांचं काम. मी लिफाफा आणि कार्ड खणात ठेवलं आणि वर डब्याला गुंडाळायचा कागद टाकला. 'उद्या करू,' असं स्वतःला म्हणालो. मंगळवारीही तेच म्हणालो. मला त्यांना कायमचं अडवायचं नव्हतं. त्यांनी आणखी एकदा खिडकीशी येऊन विनंती करावी, एवढंच मला हवं होतं. एकदा. ते आले नाहीत.

गुरुवारी सकाळी त्या संस्थेचा एक तरुण वैमानिक आला. त्याच्या गळ्यात देशातल्या कुठल्याही विमानतळावर चालणारं कार्ड होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो आमच्या गेटावर आला आणि अर्ध्या मिनिटात आत गेला. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं.

कॅप्टन कुंपणाबाहेर रस्त्यावर स्कूटर लावून उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. तयार होऊन आले होते. म्हणजे त्यांना शेवटपर्यंत आशा होती. मी खिडकीतून त्यांना बघत होतो आणि माझा खण माझ्या गुडघ्याला लागत होता. अजूनही वेळ होता. साहेब त्यांच्या खोलीत होते. मी उठलो, बसलो, पाणी प्यालो.

शेडमधून म्हातारीचा आवाज आला. कॅप्टन वाकले, त्यांनी गवत उपटलं आणि हातातून सोडलं. मग कुंपणाच्या जाळीला तोंड लावून ओरडले, "निवृत्ती! त्या पोराला सांग, वारा डावीकडून येतोय! ती उडताना डावीकडे ओढते, उजवा पाय दाबून धरायला सांग!"

निवृत्ती धावत गेला आणि सांगून आला. म्हातारी धावली, थोडी डावीकडे ओढली गेली, सावरली आणि उडाली. कॅप्टन तिचा ठिपका नाहीसा होईपर्यंत उभे होते. मग स्कूटरभोवती फेरी न मारताच निघून गेले. त्यांनी ती फेरी चुकवलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

त्यानंतर ते गेटावर आले नाहीत. कार्डावर सही-शिक्का मी पुढच्या सोमवारी करून घेतला. कशासाठी, ते मलाच माहीत नाही. कार्ड घेऊन त्यांच्या घरी जायला मला चार वर्षं लागली.

गंगापूर रोडच्या त्यांच्या घराच्या गच्चीवर ते खुर्चीत बसले होते. खूप वाळले होते. चष्म्याची भिंगं जाड झाली होती. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"पासवाले! या. आज मी कोण?"

मी कार्ड त्यांच्या हातात ठेवलं आणि सगळं सांगितलं. सोमवार, लिफाफा, खण, डब्याचा कागद. काहीही वगळलं नाही. ते कार्ड डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले.

"फोटो बरा आलाय," ते म्हणाले. मग कार्ड मांडीवर ठेवून, "मला बुधवारीच कळलं होतं. निवृत्ती घरी येऊन सांगून गेला. म्हणाला, लिफाफा मीच दिलाय त्यांना, खणात हाय."

"मग तुम्ही साहेबांकडे का नाही गेलात?"

"गेलो असतो तर तुम्हाला दुसरा मेमो मिळाला असता. पहिला माझ्यामुळेच मिळाला होता ना. तुमची मुलगी दहावीला होती त्या वर्षी." त्यांनी कार्ड उलटसुलट केलं. "मला वाटलं, तुमचा राग गुरुवारपर्यंत उतरेल. उतरत आला होता की नाही? खरं सांगा."

"उतरत आला होता," मी म्हणालो.

"मग झालं तर. थोडक्यात चुकलं." त्यांनी कार्ड माझ्या हातात परत दिलं. "हे घेऊन जा. काम संपलं की पास जमा करायचा असतो. नियम आहे."

निघताना ते माझा हात धरून जिना उतरून खाली आले आणि माझ्या स्कूटरभोवती चाचपडत एक फेरी मारली. मागचं चाक हाताने दाबून बघितलं. "जा आता," म्हणाले.

पुढच्याच थंडीत ते गेले. गोदावरीकाठी तीसेक माणसं जमली होती. त्यांची पत्नी आणि मुलगी एका बाजूला उभ्या होत्या. सरणाला अग्नी द्यायच्या आधी निवृत्ती पुढे आला. तो आता म्हातारा दिसत होता. तो वाकला, घाटाच्या कडेचं वाळकं गवत त्याने चिमटीत घेतलं, हात छातीएवढा वर नेला आणि सोडून दिलं.

"वैनी, तुम्ही इकडं या," तो म्हणाला. "धूर तिकडं येईल. सगळ्यांनीच इकडं या."

सगळे सरकले. मी जिथे होतो तिथेच उभा राहिलो.