शिवलिंगप्पांच्या तसबिरीतले हात

आईच्या हातांवरून एकदा मन्नाएखेळ्ळी गावात, भर दुकानात आमची पंचाईत झाली. निजामाचं राज्य होतं तेव्हा, मी नऊ-दहा वर्षांची असेन… सांगतेय मी, टाइप करतेय नात, त्यामुळे चुका तिच्या.

आम्ही बिदरला नौबादमध्ये राहायचो. माझे वडील, अण्णा, पोर्ट्रेट काढायचे. पार गुलबर्ग्यापासून बडी माणसं येऊन आमच्या खुर्चीत बसायची… पण किती वेळ? चेहरा होईपर्यंत! मग कुणाला कचेरी आठवायची, कुणाला व्यायला झालेली म्हैस.

उरलेला माणूस आम्ही घरातून पुरवायचो. खांदे काकांचे, पाय आजोबांचे आणि हात कायम आईचे. अण्णा तिच्या हातात लाटणं द्यायचे, चित्रात त्याची चांदीच्या मुठीची काठी व्हायची.

"हलू नको," अण्णा म्हणायचे.

"मी कुठं हलायलेय? तिकडं वरण उतू जायलंय!" आई म्हणायची, पण बसून राहायची.

तर मन्नाएखेळ्ळीचे शिवलिंगप्पा कापडाचे व्यापारी. पैलवानी अंग, भरघोस मिश्या. नव्या दुकानात लावायला त्यांनी स्वतःचं मोठं ऑइल पेंटिंग काढून घेतलं आणि उद्घाटनाला आम्हालाही बोलावलं. अण्णा, आई, मी आणि मांडीवर आडवे चित्रातले शिवलिंगप्पा, असे आम्ही मोटारीने गेलो.

दुकान माणसांनी भरलेलं. अण्णांनी चित्रावरचं कापड काढलं आणि एकच वाहवा झाली… शिवलिंगप्पांनी मिशीला पीळ दिला. अण्णांची मानही जरा ताठ झाली.

एवढ्यात शिवलिंगप्पांच्या बायकोने चित्राला नाक लावलं. "अहो, ह्ये हात कुणाचे?"

काठीवर निमुळती, नाजूक बोटं. मनगटाजवळ तव्याच्या चटक्याचा डाग… अण्णा दिसेल ते इमानाने रंगवायचे, तो डागही त्यांनी सोडला नव्हता!

सगळं दुकान आधी चित्रातले हात बघायला लागलं, मग शिवलिंगप्पांचे. त्यांचे पंजे म्हणजे सुपं. त्यांनी ते हळूच पाठीमागे नेले.

"चित्रकार, कुणाची बोटं लावलाव मला? आन् कामून?"

अण्णांचे कान लाल झाले. "त्ये… उजेडाचं कसं असतंय…" एवढंच त्यांना सुचलं. ही गोष्ट पसरली असती तर आमच्या खुर्चीत पुन्हा कोण बसायला येणार होतं?

तेवढ्यात आईने घाबरून दोन्ही हात पदराखाली घेतले. झालं! तोवर तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं, आता सगळ्या माना तिकडे वळल्या. मला हसू आवरेना आणि रडूही यायला लागलं.

गादीवर शिवलिंगप्पांची म्हातारी आई बसली होती. सगळे तिला अव्वा म्हणायचे. ती काठी टेकत उठली, चित्रापाशी गेली, त्या चटक्याच्या डागावर तिने बोट टेकवलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "शिवा, जन्मभर सांगायलेय तुला, हाताला कायतरी काम लाव. चित्रात तरी लावलास म्हणायचं!"

दुकान हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. शिवलिंगप्पा आधी फुगले, मग मिशीतल्या मिशीत तेही हसले. "व्हय अव्वा, लावा हितंच. समोरच्या भिंतीला."

अण्णांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

पण अव्वाचं संपलं नव्हतं. तिने आईला गादीवर शेजारी बसवून घेतलं, पदराखालचे हात ओढून मांडीवर घेतले. "किती दिस बसलीस गं अक्का असं हात धरून? खांदा दुखला असंल की."

"लई दुखायचा, अव्वा," आई हसत म्हणाली… आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

अण्णा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी ऐकलं. पुढचं पोर्ट्रेट सुरू झालं तेव्हा त्यांनी स्वतः माजघरातून उशी आणली आणि आईच्या कोपराखाली ठेवली.

आमच्या घरात रोज रंगांबद्दल बोलणं चालायचं, उजेडाबद्दल चालायचं… आईच्या खांद्याबद्दल पहिल्यांदा विचारलं ते एका परक्या म्हातारीने. तिचं खरं नावही मला माहीत नाही. तिचे उपकार मात्र मी अजून मानते.