अपघातानंतर पळायचं नाही

साखर कारखान्यात ऊसवाहतुकीचा सुरक्षा अधिकारी म्हणून माझं काम एकच, ड्रायव्हरांवर ओरडणं. ट्रॉलीला रिफ्लेक्टर का नाही, ट्रॅक्टरवर एवढा मोठा स्पीकर कशाला, चालत्या गाडीत मोबाईल कानाला का? माझा आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा. पाठीमागे ते मला काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दर हंगामाआधी मी सगळ्यांना शेडमध्ये बसवून कायदा समजावून सांगायचो. त्या वर्षी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. मागच्या हंगामात एका ड्रायव्हरनं सायकलवाल्याला उडवलं आणि ट्रॅक्टर रस्त्यात टाकून तो पळाला. सायकलवाला तासभर तिथंच पडून राहिला आणि गेला. म्हणून मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "अपघात झाला की पळायचं नाही. जखमीला दवाखान्यात पोचवायचं, पोलिसांना कळवायचं. जो पळेल त्याला मी स्वतः आत टाकीन." कायद्यात पुढं एक सवलतही आहे. जमाव खवळलेला असेल आणि थांबणं शक्यच नसेल, तर तशी सक्ती नाही. ते वाक्य माझ्या हातातल्या कागदावर होतं. मी ते मुद्दाम वाचलं नाही. वाचलं असतं, तर प्रत्येकाला प्रत्येक वेळी जमावच दिसला असता.

पाथर्डीकडचा एक किडकिडीत ड्रायव्हर पुढंच बसला होता. तो म्हणाला, "सायेब, लोकं मारायला आली तर?"

"तू काही केलंच नसशील तर कोण कशाला मारेल?" मी म्हणालो. सगळे हसले. माझ्यावर हसले, हे मला तेव्हा कळलं नाही.

जानेवारीत एका भर दुपारी त्याचाच फोन आला. मी तपासणीसाठी त्याच रस्त्यावर होतो. "सायेब, मिरजगावच्या अलीकडं हाय. माणूस ट्रॉलीखाली आला. त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात पाठिवलं. मी थांबलोय हितंच." मागं आरडाओरडा ऐकू येत होता. मग फोन बंद झाला.

आमच्याकडे जात्या ट्रॉलीतला ऊस उपटण्याला कोणी चोरी म्हणत नाही. पोरं उपटतात, म्हातारे उपटतात, मीही उपटलाय. मोटारसायकलवर मागं बसलेल्या एकानं चालत्या ट्रॉलीतला ऊस ओढला. ऊस मोळीत घट्ट अडकलेला आणि यानं काही हात सोडला नाही. तो खाली पडला आणि मागच्या ट्रॉलीचं चाक त्याच्या मांडीवरून गेलं. हे मोटारसायकल चालवणाऱ्या त्याच्या जोडीदारानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या वेळी मात्र तो एवढंच ओरडत होता, की ट्रॅक्टरवाल्यानं उडवलं.

मी पोचलो तेव्हा तीस-चाळीस माणसं होती. ट्रॉलीतलाच ऊस उपसून आमच्या ड्रायव्हरला मारत होती. ओला ऊस दांडक्यासारखा बसतो, फक्त आवाज बसका येतो. त्याचा हात कोणीतरी मडगार्डवर धरला होता आणि दुसरा त्यावर दगड घालत होता. भुवईची कातडी सुटून डोळ्यावर लोंबत होती. तोंडात दात होते की रक्ताच्या गुठळ्या, ते कळत नव्हतं. मारून दमलेला एक जण बाजूला उभा राहून हातातला ऊस दातांनी सोलत होता.

मी कायदा सांगायला गेलो. मानेवर उसाचं एक टिपरं बसलं आणि माझा कायदा संपला.

मग मी दुसरं केलं. घुसलो, ड्रायव्हरची कॉलर धरली आणि सगळा जीव एकवटून त्याच्या गालावर ठेवून दिली. "हरामखोरा, माणूस मारतोस? चल, तुला पोलिसांतच देतो!" पुन्हा एक. पुन्हा एक. लोक बाजूला झाले. "सायेबच धुत्योय, धुऊ द्या!" कोणीतरी म्हणालं. जीपपर्यंत मी त्याला मारत नेला. लाथ घालून आत लोटला.

ही सगळी मारहाण नाटकी होती, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मला खरंच त्याचा राग आला होता. गाढवा, पळाला का नाहीस?

ऊस ओढणाऱ्याचा पाय गेला, जीव वाचला. आमच्या ड्रायव्हरचा एक डोळा गेला. जोडीदारानं खरं सांगितल्यावर मला वाटलं, निदान गुन्हा तरी टळला. हवालदार म्हणाले, "कसला टळतोय? तुमच्या माणसानंच जबाब दिलाय, चूक माझी म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं संन्यासीच दोर मागतोय."

मी तडक दवाखान्यात गेलो. खाटेजवळ त्याची बायको बसली होती. ती उठली, मला स्टूल दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"असा जबाब का दिलास?" मी विचारलं.

"लोकांच्या माराचं काय न्हाई, सायेब," तो सुजलेल्या तोंडानं म्हणाला. "त्येंला काय कळतंय? पन तुमाला कायदा म्हाईत हाय. तुमीच मारलं, म्हंजी चुकी माजीच आसंल."

मी त्याला सगळं सांगितलं. न वाचलेलं वाक्य सांगितलं. तुला पळून जायची मुभा होती, तुझी काडीची चूक नव्हती, हवालदारांना परत बोलावतो, जबाब बदल, असं म्हणालो. आणि ती मारहाण खोटी होती, तुला बाहेर काढण्यासाठी होती, असंही म्हणालो.

त्यानं एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. मग बँडेजमधल्या हातानं त्यानं गाल चाचपला.

"खोटी व्हय?" तो म्हणाला. "लई जोरात बसली हुती, सायेब."