लशी, मटार आणि वरचा कप्पा

आयुष्यभर पुस्तकं वाचलेल्या माणसाने एक चिठ्ठी वाचली नाही, एवढीच ही हकीकत आहे.

नागिणीच्या लशीचा ध्यास माझ्या बायकोचा, नलूचा. तिच्या बहिणीला नागीण झाली होती. फोड गेले, पण नुसता पदर लागला तरी ती पुढे सहा महिने कळवळायची. "मला दुसरं काहीही होऊ दे," नलू म्हणायची, "पण ते नको." शेवटी जानेवारीत चंडीगडजवळच्या झिरकपूरच्या औषधवाल्याकडून आम्ही दोघांच्या दोन लशी बर्फाच्या पिशवीत घेतल्या. दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरीणबाई गावाला, सोमवारी येणार. नलू भाजी घ्यायला थांबली. मला म्हणाली, तुम्ही पुढे जा आणि लशी नीट थंड ठेवा.

मी सगळी कामं नीटच करतो (निवृत्त ग्रंथपाल आहे). नीट थंड म्हणजे फ्रिजचा वरचा, बर्फाचा कप्पा! पण तिथे जागा नव्हती. इकडे हिवाळ्यात घरोघरी मटार सोलून गोठवतात, आणि चंडीगडला आल्यापासून नलूनेही ते मनावर घेतलं होतं. चार पिशव्यांपैकी तीन मी खाली काढल्या, लशी वर ठेवल्या आणि खोक्यातली माहितीची चिठ्ठी खूण म्हणून हातातल्या पुस्तकात घातली.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी खोकं उघडलं. "अंकल जी, ये तो जम गई थी. फ्रीज़र में रखी थी? अब नहीं लगेगी."

मी नलूकडे पाहिलं. ती भिंतीवरचा तक्ता वाचत होती.

रिक्षात बसल्यावर म्हणाली, "अहो, ती चिठ्ठी पुस्तकात घातलीत, त्यात काय लिहिलं होतं?"

घरी जाऊन पाहिलं. गोठवू नये, असं लिहिलं होतं. ठळक अक्षरात.

मटारही मऊ पडले. आठवडाभर उसळ, पराठे, करंज्या. शेजारी तीन डबे गेले, हकीकतीसकट. नलूने वरच्या कप्प्याच्या दारावर कागद चिकटवला: "ह्यांनी उघडू नये." लशी पुढच्या महिन्यात पुन्हा आणू, म्हणाली. मी हो म्हणालो आणि वाचत बसलो.

पुढच्या महिन्यात ती हृदयविकाराने गेली. नागीण तिला झाली नाही. भीती मात्र शेवटपर्यंत सोबत होती, आणि तेवढी तरी मी घालवू शकलो असतो.

परवा मी एकटाच जाऊन लस टोचून घेतली. चिठ्ठी आधी दोनदा वाचली. दंड दुखतोय. बर्फ लावा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बर्फ वरच्या कप्प्यात आहे, नलूने सोललेल्या मटारची चौथी पिशवीही तिथेच आहे. पण दारावर कागद आहे.

बायकोचं ऐकायचं मी एकदाचं ठरवलंय. दुखू दे दंड!