फोनवरचे गाऱ्हाणे

कुडाळच्या आमच्या साप्ताहिकात संगणकांवर लिनक्स बसवले, तेव्हा मालकांना एकच शंका होती. "फुकट देतत, मगे ते खातत काय?" पुण्याची कंपनी प्रणाली फुकट देते आणि ती चालू ठेवण्याची वर्गणी घेते, हे कळल्यावर त्यांना बरे वाटले.

जत्रेच्या अंकाच्या दिवशी प्रिंटर गप्प झाला. पाने दुपारच्या एसटीने छापखान्यात गेली नाहीत, तर अंक जत्रा उठल्यावर निघणार होता. रीतीप्रमाणे संगणकापुढे नारळ ठेवून ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले. त्यात एकजण मागणे सांगतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. लगेच मालकांनी कंपनीला फोन लावून स्पीकर सुरू केला.

अभियंता एका सुरात सांगू लागला.

"प्रिंटरची खिडकी उघडा."

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

"जुनी नोंद काढून टाका."

"होय म्हाराजा!"

"आता प्रिंटर नव्याने जोडा."

"होय म्हाराजा!"

"पडद्यावर काय दिसतंय?"

पडद्यावर सकाळचाच मजकूर होता. कीबोर्डला कोणी हातच लावला नव्हता.

"तू खंय होतंस रे?" मालक ऑपरेटरवर खेकसले.

"हंयच. तुमच्यावांगडा होय म्हाराजा म्हणत होतंय."

अभियंत्याने पहिल्यापासून सांगितले. या खेपेस तोंड उघडायचे नाही, असा मालकांचा हुकूम होता. पाने निघाली. ती घेऊन सगळे स्टँडवर धावलो आणि एसटी गाठली. परतलो तेव्हा स्पीकरवरून अभियंता विचारत होता, "हॅलो, झालं का? कोणी बोलत का नाही?"