टोंडीबीची लढाई, बियाण्याच्या गोदामात

कुणीतरी आपल्याला फसवलंय. कोण, ते मला माहीत नाही. पण फसवणूक नक्की झालीय. शाळेच्या पुस्तकात आफ्रिका नावाचा केवढा तरी नकाशा होता आणि त्यात काय होतं? सिंह, हिऱ्यांच्या खाणी आणि पिरॅमिड. बस! नायजर नदीच्या काठी, गवताळ माळावर, शेकडो वर्षं राज्यं नांदली. माली, सोंघाई, बोर्नू. त्यांचं घोडदळ निघालं की आभाळापर्यंत धूळ चढायची. त्या धुळीचा एक कण आमच्या पुस्तकावर पडू नये? अख्खं घोडदळ लपवलं, राव! आणि लपवणारे मजेत आहेत.

ते घोडदळ आम्ही बीदरमध्ये, मल्लूअण्णांच्या बियाण्याच्या गोदामात परत उभं केलं. म्हणजे बोटाएवढं. एका जुन्या दाराचं टेबल, त्यावर चाळलेली लाल माती, कडब्याच्या काड्यांची झाडं, निळ्या साडीच्या काठाची नायजर. दर रविवारी पट्टीनं मोजून सैन्य पुढं सरकवायचं आणि फासा टाकून कोण पडलं ते ठरवायचं. शिकलेली माणसं बाहुल्या खेळायलेत, असं शेजारचे म्हणतात. म्हणू देत.

आम्ही चौघं. मल्लूअण्णा गोदामाचे मालक आणि आमचे पंच. इरफानभाई बिदरीकाम करणाऱ्या घरातले; सैनिक ओततात तेच. दिगंबर कमठाण्याचा, बँकेत कारकून. आणि मी संघमित्रा, जनवाड्याची, इतिहासात एम.ए. हे सगळे मला नुसतं ‘मित्रा’ म्हणतात.

आमची खरी लढाई एकच, टोंडीबी. मोरोक्कोचं सैन्य वाळवंट ओलांडून तोड्याच्या, म्हणजे वात पेटवून उडवायच्या बंदुका घेऊन आलं आणि तिथं सोंघाईचं राज्य मोडलं. मी कायम सोंघाई, दिगंबर कायम मोरोक्को, आणि मी कायम हरते. पुस्तकं म्हणतात, बंदुकीपुढं भाला हरणारच. हा ‘च’ मला मान्य नाही! नियम न बदलता, सवलत न घेता, एकदा तरी मला टोंडीबी जिंकायची होती. आणि दिगंबरला प्रमोशन मिळालं, बदली मंगळूरला. तो गेला की मोरोक्को गेलं.

गोदाम कितीही झाडा, भिंतीच्या कडेला तुरीचे दाणे सापडतातच. आमचे किस्सेही तसेच साचलेत. त्यातले थोडे वेचून ठेवते.

*

बिदरीचा धातू काळा, आणि त्यात चांदीची तार ठोकून नक्षी करतात. हे हात इरफानभाईंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. त्यांनी पहिला घोडेस्वार ओतून आणला, तेव्हा सवयीनं घोड्याच्या पुठ्ठ्यावर चांदीचं एक फूल बसवलं होतं. पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या उन्हात मी तो धरला. अंधारातून कुणी कंदील घेऊन चाललंय, असं वाटलं.

पण मला कुठला धीर! मी म्हणाले, “इरफानभाई, हा लढाईचा घोडा आहे. दागिना नाही.”

“मालूम है.”

“मग फूल कशाला?”

“मरनेकू जारा ना बेचारा? सजके जाने दो!”

*

बोर्नूच्या घोड्यांना कापूस भरलेलं जाड चिलखत असायचं. हे मी घरी सांगत होते, तर माझी माय म्हणाली, “म्हंजे गोधडीच की!” आणि जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडून बसली. काड्यापेटीएवढ्या गोधड्या, त्यांना चारी बाजूंनी टाके. तिला सांगितलं, एवढं बारीक कुणाला दिसणार नाही. म्हणाली, “घोड्याला तर कळंल.”

माय एकदा खेळ बघायला आली. नेमका त्याच दिवशी दिगंबरचा फासा चांगला पडला आणि फुलाफुलांची गोधडी घातलेला घोडा मेला. त्यानं उचलायला हात पुढं केला.

“ए पोरा, ठिव तिथंच! माझ्या मायचं लुगडं हाय त्येच्या अंगावर.”

अण्णांनी चष्मा वर केला, थोडा विचार केला आणि निकाल दिला: हा घोडा मरत नाही.

तेव्हापासून दर लढाई संपली की सगळं सैन्य झोपलेलं असतं आणि लाल माळावर तेवढा एकच घोडा उभा असतो, फुलाफुलांचा, वाऱ्याची वाट बघत असल्यासारखा. दिगंबर पडलेले सैनिक गोळा करत त्याच्यापाशी येतो आणि दर वेळी हळूच म्हणतो,

“आज्जी, जरा सरकून बसा.”

*

एकदा माझ्या डोक्यात आलं, आपण चौघांनीच हे बघून काय उपयोग? लोकांना कळलं पाहिजे! अण्णा म्हणाले, “बोर्ड लावू की.” मी कागदावर लिहून दिलं: ‘रविवारी माली साम्राज्याची लढाई. सर्वांनी यावे.’ पेंटर हुशार निघाला. त्याला वाटलं, बाईंची शुद्धलेखनाची चूक झालीय. त्यानं ती सुधारली.

रविवारी दारात जीप थांबली. फेटे बांधलेले दोन वयस्कर पाहुणे उतरले. हातात नारळ, झेंडूचा हार.

“माळी साम्राज्य हितंच का?”

मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी त्यांना खुर्च्या दिल्या. मी सगळं समजावून सांगितलं. माली हा देश, नदी, सोन्याचा व्यापार, राजाला ‘मन्सा’ म्हणत. पाहुणे शांतपणे ऐकत होते. चहा झाला. लढाईही झाली, ती त्यांनी शेवटपर्यंत बघितली. मग थोरले पाहुणे उठले, टेबलापाशी आले आणि हातातला हार त्यांनी बोटाएवढ्या मन्साच्या गळ्यात घातला. राजा, त्याचा घोडा, छत्रीवाला, सगळे झेंडूत बुडाले. लाल माळाच्या मधोमध पिवळा डोंगर!

मी म्हणाले, “काका, अहो, हे तुमच्यातले नाहीत.”

“नसू द्या की. राजा हाय, आन् आमी हार परत न्हेत नसताव!”

*

त्या राज्यांत राजाच्या सैन्यापुढं भाट चालायचे. पूर्वजांची नावं गात, पराक्रम सांगत. हे ऐकल्यावर अण्णांनी नियमच केला: लढाईआधी ज्यानं त्यानं आपल्या सैन्याची मोठ्यानं स्तुती करायची. चांगली झाली तर सैन्याची हिंमत वाढणार.

मी तर पेटलेच. नायजरचं पाणी, माळावरचा वारा, विसरलेल्या राजांचा अपमान, सगळं घेतलं. बोलता बोलता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इरफानभाई “वा, वा” करत होते. बाहेर बियाणं न्यायला आलेली माणसं दारात थांबून ऐकत होती.

मग दिगंबर उभा राहिला. शर्ट खाली ओढला. घसा साफ केला.

“सदर सैन्य वेळेवर हजर आहे. कागदपत्रं तपासली. हरकत नाही.”

आणि बसला!

अण्णा म्हणाले, “मोरोक्कोची हिंमत दोननं वाढली.”

“दोननं? कामून?” मी ओरडले.

“एवढं खरं बोलणारा भाट कुठं मिळायलाय, अक्का?”

*

उन्हाळ्यातली एक दुपार मला अजून स्वप्नात दिसते. लाईट गेली होती. पंखा थांबला आणि धूळ हवेतच थांबली. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे बारीक खांब टेबलावर उतरले होते आणि त्यातून दोन्ही सैन्यं समोरासमोर येत होती. कुणी जोरात बोलत नव्हतं. मी खाली वाकले तर घोड्यांच्या सावल्या लांब होऊन खऱ्या घोड्याएवढ्या भिंतीवर चालत होत्या. आपण बीदरात आहोत की नदीकाठी, काही कळेना.

एक भालाईत काडीच्या झाडामागं होता की पुढं, यावर माझं आणि दिगंबरचं भांडण लागलं. मागं असेल तर वाचतो, पुढं असेल तर मरतो. निकाल मागायला अण्णांकडं वळलो, तर अण्णा सोयाबीनच्या पोत्याला टेकून गाढ झोपलेले.

“अण्णा?”

झोपेतच त्यांनी हात वर केला आणि कानडीत म्हणाले, “साकु, बिड्री.” पुरे झालं, सोडा आता!

आम्ही एकमेकांकडं बघितलं. पंचांचा शब्द म्हणजे शब्द. माझी माणसं नदीच्या अलीकडं परत आली, त्याची पलीकडं गेली. अण्णा उठले तेव्हा टेबल शांत होतं.

“कोण जिंकलं?”

“तह झाला, अण्णा.”

“कुणी केला?”

इरफानभाई म्हणाले, “आपनेच. खर्राटे मारते मारते!”

*

आणि गेल्या रविवारची टोंडीबी.

संध्याकाळची गाडी होती, दिगंबरची बॅग गोदामाच्या दारात ठेवलेली. त्याला निरोप द्यायला कमठाण्याहून त्याची आई आली होती. मावशी पोत्यांवर मांडी घालून बसल्या, मांडीवर धपाट्यांचा डबा. मुलगा रविवारी कुठं जातो ते त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

खऱ्या टोंडीबीत सोंघाईवाल्यांनी बंदुकांवर गुरांचा कळप सोडला होता. गुरं बंदूकवाल्यांना तुडवतील आणि मागून आपलं घोडदळ घुसेल, असा बेत. पण बार उडाले, गुरं बिथरली आणि उलटी फिरून आपल्याच सैन्यात शिरली. आमच्या टेबलावरचा कळप म्हणजे कारहुणवीला, आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, घरोघरी पुजतात ती मातीची बैलं. बंदुका भरलेल्या असताना कळप सोडला, तर तो पुढं जायला सहाच पडावा लागतो. बार होऊन बंदुका रिकाम्या असतील, तर चार किंवा त्याच्या वर काहीही चालतं. एवढं सगळं माहीत असून मी दर वेळी पहिल्याच चालीला कळप सोडायची आणि दिगंबर म्हणायचा, “सोंघाई कुठली, ही तर नुसती घाई!”

त्या दिवशी तो टेबलावर वाकून कुजबुजला, “मित्रा, आज चुकून एखादी चाल विसरू का मी?”

“विसरलास तर मंगळूरला येऊन भांडीन!”

मी थांबले. कसं थांबले ते माझं मला माहीत. तिरंदाज पुढं पाठवले, ते पडले. भालाईत पाठवले, तेही पडले. इरफानभाई माझ्याकडं बघेनात. कळपावर मी नुसता हात ठेवून उभी. शेवटी दिगंबरनं दोन्ही रांगांचा बार एकदम काढला आणि अण्णा म्हणाले, “मोरोक्कोच्या बंदुका रिकाम्या.”

मी फासा टाकला. तो लाल मातीत रुतला.

पाच!

इरफानभाई एकेक बैल बंदुकांच्या रांगेतून पलीकडं न्यायला लागले. पंख्याच्या वाऱ्यानं धूळ उठली होती आणि तिच्यातून ती गुरं धावत नव्हती, पोहत होती. मागून चांदीच्या फुलांचं घोडदळ. मोरोक्कोची रांग फुटली, एक टोक नदीत, एक वाळवंटाकडं. पट्टी, फासा, परत पट्टी. मग टेबलावर मोरोक्को उरलंच नाही.

“हरलो गं,” दिगंबर म्हणाला आणि असा हसला, की जिंकला तोच.

अण्णा चष्मा पुसायला लागले. इरफानभाईंनी मला वाकून सलाम केला. मी काहीतरी मोठं बोलणार होते, इतिहासाबद्दल, पण आधी फासा उचलून मुठीत घट्ट धरला.

सुटलेला कळप आपोआप थांबत नाही, असा नियम. त्यामुळं बैलं टेबलाच्या पार कडेपर्यंत पांगली होती. एक खाली पडून मावशींच्या पायाशी गेलं होतं. त्यांनी ते उचललं, पदरानं पुसलं. टेबलाकडं बघितलं, दारातल्या बॅगेकडं बघितलं.

“जिंकलीस की पोरी, ब्येस झालं,” मावशी म्हणाल्या. “पर ही गुरं आता कुणी वळून आणायची?”