शनिवारी धुतलेला समुद्र

वायसरमामाला खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं नळकाम केलं, खिशात सदा रबरी वायसर. बाजारात गेला की सुट्या नाण्यांबरोबर दोन-चार वायसर भाजीवालीच्या हातावर पडायचेच. मग गुडघ्यांनी संप केला आणि मामा घरी बसला. बसला म्हणजे काय, त्यानं बायकोच्या नाकात दम आणला. न गळणारे नळ खोलून बघायचा, मोरीची जाळी दिवसातून दोनदा उपसायचा.

बायकोच्या धाकट्या बहिणीचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. उपाय तिनंच काढला. बाहेरच्या खोलीत नव्वद लिटरची काचेची पेटी मांडून दिली. खारं पाणी, वाळू, थोडे दगड, केशरी पट्ट्यांचे दोन मासे आणि दगडाला चिकटवलेलं एक प्रवाळ. ते महिन्याभरात मेलं. मग तिनं दुकानातल्या, अकरा वर्षं स्वतः वाढवलेल्या प्रवाळाचा एक तुकडा कापून आणला. हिरवट बोटांचा झुपका, पाण्याच्या धारेत डुलणारा.

"भावोजी," ती म्हणाली, "हे गेलं तर तिसरं मागायचं नाही. पेटीसकट सगळं परत नेईन. जीव आहे तो, तुमचा नळाचा एल्बो नाही."

मामाला ते लागलं. पेटीला लटकवायचा छोटा फिल्टर तिनं दिला होता, तो त्यानं पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकला. "हे काय, बाहुलीच्या घरातलं!" म्हणाला. टेबलाखाली मोठा डबाफिल्टर बसवला. आत स्पंजाचे थर, चिनीमातीच्या कड्या. पाणी खाली उतरायचं, डब्यातून गाळून वर चढायचं. प्रत्येक सांध्याला टेप, दोन व्हॉल्व्ह, वर एक उलटं पाणी अडवणारा. सगळी कारागिरी त्यात ओतली. एक थेंब गळेल तर शपथ.

आणि दर शनिवारी तो डबा खोलायचा. स्पंज, कड्या मोरीत मांडायच्या, नळ मोठा सोडायचा आणि ब्रशानं घासायचं. आयुष्यभर लोकांच्या नळ्यांतली घाण काढली, ती आपल्या घरात ठेवणार कशी? स्पंज पांढरा शुभ्र झाला की खिडकीच्या उजेडात धरून बायकोला दाखवायचा.

"आपल्या उशीचे अभ्रे आहेत का इतके पांढरे?"

"ते तुम्ही धुता का?" बायको म्हणायची.

एका बुधवारी प्रवाळानं बोटं आत ओढून घेतली. गोगलगाय शिंगं ओढते तशी. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ. दोन दिवस मामा पेटीपुढून हलला नाही, मग मेव्हणीला बोलावलं. तिनं पेटीतलं पाणी नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी हिरवं झालं तशी तिची भुवई चढली.

"अमोनिया. मासे मुततात ते सगळं तसंच आहे. फिल्टर कधी धुता?"

"दर शनिवारी. साबण नाही हां, निव्वळ नळाचं पाणी."

"नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, माहीत आहे ना?"

"मलाच विचार! पेटीत भरायचं पाणी मी गाळून, क्लोरीन काढून, मीठ मोजून घालतो."

"आणि स्पंज? अहो, त्या स्पंजावर, दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जंतू बसतात. ती घाण तेच खातात. तुम्ही दर शनिवारी त्यांना घासून मारता."

मामा हळूच म्हणाला, "म्हणजे सेप्टिक टँकच की!"

"जेवायच्या टेबलाशेजारी?" बायको ओरडली.

पण मामा भलतीकडेच पोचला होता. टाकीत ॲसिड ओतणाऱ्या किती गिऱ्हाइकांना त्यानं झापलं होतं! 'आतले किडे मारलेत, आता टाकी तुंबणार नाही तर काय!' ती बोलणी आता मोरीतून उलटी येऊन त्याच्याच तोंडावर उडाली.

"पंधरा दिवसांनी येते," मेव्हणी म्हणाली. "रिकामी बादली घेऊन."

जाताना तिनं एक स्किमर वापरून बघायला ठेवला. उभी नळी, आत बुडबुडे, फेसाबरोबर घाण वरच्या कपात. कपात चहाच्या रंगाचं पाणी साठलेलं बघून मामाचा जीव हरखला. घाण डोळ्यांना दिसते, आणखी काय हवं! पण त्या घरघरीनं मासे कोपऱ्यात दडले आणि बायको म्हणाली, "कोण म्हातारा गुळण्या करतोय दिवसभर?"

दुसऱ्या दिवशी मामानंच तो काढला. दोन माशांना कारखाना कशाला? डबाही ठेवावासा वाटेना. न धुता ठेवला तर आत गाळ साचणार, आणि गाळ साचलाय म्हणून आपण धुणार. स्वतःला तो ओळखून होता. शेवटी माळ्यावरचा बाहुलीचा फिल्टर खाली आला. त्यात नुसता कापूस, तीन दिवसांनी बदलून टाकायचा. मेव्हणीच्या दुकानातल्या जुन्या पेटीतून ओले, जांभळट डागांचे दगड आणले. खरं काम आता ते करणार. सुरुवातीला एक दिवसाआड चौथाई पाणी बदललं, मग आठवड्याला दोन बादल्या. बस्स.

जड गेलं ते पुढचं. दगडांवर तपकिरी साय धरली आणि मामाचे हात शिवशिवायला लागले. एका सकाळी बायकोनं त्याला पेटीपुढे दाढीचा ब्रश घेऊन उभा असलेला पकडलं.

"दाढी करणार होतो."

"माशांची?"

तिनं घरातले सगळे ब्रश गोळा करून कपाटात कुलूपबंद केले. दात घासायचा तेवढा मामाला मोजून मिळायचा, तोही तिच्या देखरेखीखाली.

अकराव्या दिवशी झुपक्यातून एक बोट बाहेर आलं. मामानं कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

ठरल्या रविवारी मेव्हणी आली. बादली दारात ठेवली आणि पेटीपुढे वाकली. झुपका अर्ध्याहून जास्त फुलला होता. मासा त्याला घासून गेला की बोटं डुलत. दगड मळकट, काचेच्या कोपऱ्यात हिरवा डाग. तिनं पाणी तपासलं. नळी पिवळीच राहिली, अमोनिया नव्हता.

"घासलं नाहीत?"

"ब्रश कुठाय!" मामा म्हणाला.

बायकोनं कंबरेच्या किल्ल्या वाजवल्या.

मेव्हणी हसली. रिकामी बादली न्यायला नको म्हणून तिनं टेबलाखाली सुटा पडलेला डबाफिल्टर उचलून तीत ठेवला. दुकानातल्या मोठ्या पेटीला लावीन म्हणाली. मामा जिन्यापर्यंत मागे गेला.

"सांधे जपून गं. एक थेंब गळत नाही त्यातून."

"आणि धुवायला?"

"महिन्यातून एकदा. पेटीच्याच पाण्यात." मामानं खिशातून दोन वायसर काढून तिच्या हातावर ठेवले. "असू दे जवळ. आणि नळाखाली धरलास तर मला कळेल."