करारासाठी शिवलेले झेंडे

आमच्या धाकटीशी, म्हणजे माझ्या जावेशी, कुणी साहेब दोन शब्द गोड बोलला की संपलंच. बाई लगेच विरघळते. कितीदा बजावलंय तिला, पण माझं ऐकतंय कोण! मी पडले फटकळ.

धाकटी झेंडे शिवते. टेबलावर ठेवायचे, वीतभर. परदेशी पाहुणे यायचे असले की परराष्ट्र खात्याची ऑर्डर तिच्या दुकानात येते. सॅटिन मशीनखाली सरकतं, म्हणून ती खाली रद्दी पेपर धरते आणि शिवण झाली की तो फाडून काढते. काम असं सुबक की उलटसुलट ओळखू येऊ नये.

तिचा नवरा, आमचे भावोजी, परदेशात वेल्डर आहेत. मुदत केव्हाच संपली, पण पासपोर्ट मालकाच्या कपाटात. तो देत नाही, भावोजी येऊ शकत नाहीत. मीच धाकटीच्या मागे लागून खात्यात तक्रार करायला लावली. आणि काय सांगू, चक्क हललं की! तिथल्या आपल्या वकिलातीचा माणूस मालकाला भेटून आला. मालक जरा वरमला. "पुढच्या महिन्यात बघतो," म्हणाला.

नेमक्या तेव्हाच त्या देशाशी व्यापार कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या. खात्यातल्या साहेबानं धाकटीला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला.

"वहिनी, बोलणी नाजूक वळणावर आहेत. असल्या तक्रारी त्यांना झोंबतात. करारात कलम येतंय, पासपोर्ट कामगाराच्याच हातात राहणार. तुमच्या एकटीचेच कशाला, सगळ्यांचेच नवरे सुटतील. तेवढी तक्रार मागे घ्या."

हिनं घेतली! समाधान झालं म्हणून सही करून आली. वर मलाच सांगते, "ताई, सगळ्यांचं भलं होतंय, मग आपण का आडवं यायचं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिचा चेहरा इतका खुलला होता की मी दात-ओठ खात भांडी घासत बसले.

त्याच कराराच्या सह्यांसाठी झेंड्यांची ऑर्डर तिच्याकडे आली. शिवताना गाणी म्हणत होती वेडी.

सह्या टीव्हीवर दाखवल्या. "ताई, तो बघा माझा झेंडा!" म्हणून उठून उभी राहिली. आपल्या फरशांवरचं आयात शुल्क गेलं, त्यांचं तेल आपल्याला स्वस्त मिळणार, टाळ्याच टाळ्या. कामगारांबद्दल एक वाक्य, चर्चा सुरू राहील. मी टीव्ही बंद करायला गेले तर म्हणाली, "थांबा ना, जाहिरातींनंतर सांगतील." बातम्या संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खात्यात गेलो. साहेब तसाच गोड.

"कलम पुढच्या फेरीत घेऊ."

"पुढची फेरी कधी?" मी विचारलं.

"दोन्ही बाजूंना सोयीचं होईल तेव्हा."

धाकटी चाचरत म्हणाली, "मग माझी तक्रार पुन्हा लिहून घ्या ना."

"आता कशी घेणार? समाधान झालं असं तुम्हीच लिहून दिलंत. चहा घेणार?"

"फरशा सुटल्या, माणूस अडकला, आणि चहा कसला पाजतोस रे मेल्या!" मी ओरडले. सुरक्षारक्षकानं आम्हाला बाहेर काढलं. आणि ही बया त्या रक्षकाचीच माफी मागत होती, माझ्या वतीनं!

रविवारी भावोजींचा फोन आला. ती फोन स्पीकरवर ठेवून कणीक मळत होती. मालकानं त्यांना वकिलातीतून आलेला तिच्या सहीचा कागद दाखवला होता. "तुझ्या बायकोची काही तक्रार नाही, मग तुझी कसली?" असं म्हणाला आणि नव्या कामावर पाठवून दिलं, वाळवंटात, आणखी आत.

भावोजी चिडले नाहीत. हळूच विचारलं, "तुला मी परत यायला नकोय का गं?"

धाकटी कणकेच्या हातानं फोन उचलून "अहो, तसं नाही हो, ते साहेब म्हणाले की..." करत राहिली. फोन कधीच कट झाला होता. तो काढून घ्यायचं माझं धाडस झालं नाही.